हार्लनच्या मापाची सायकल

मी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, माणूस कोणी नाही. मी सायकल. आता सायकल म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे जी आली असेल, पुढे टोपली, मागे कॅरियर, ट्रिंगट्रिंग घंटी, ती मी नव्हे. मी शर्यतीच्या घराण्यातली. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, आणि अंगावर मांस म्हणून नाही. सगळी हाडंच, तीही पोलादाची. मला स्टँडसुद्धा नाही. थांबायचं तर कशाला तरी टेकावं लागतं, आणि आयुष्यातली बरीच वर्षं मी अशी टेकूनच काढली.

माझा जन्म विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या कारखान्यातला. ज्या बाईनं पितळ वितळवून माझे सांधे जोडले, ती काम करताना दिवसभर आपल्या सासूबद्दल बोलत होती. पण सांधे असे बसवले की चाळीस वर्षांत एकही कुरकुरला नाही. मग मला पाइनच्या झाडासारखा हिरवा रंग दिला आणि शेजारच्या मिनेसोटात पाठवलं.

तिथं दुकानात हार्लन लिंडक्विस्ट आला. कॅनन फॉल्स नावाच्या गावात हायस्कुलातल्या मुलांना बँड शिकवायचा. माणूस उंच, आणि उंचीतला बराचसा भाग पायांतच. दुकानदार सीट वर घेत गेला, घेत गेला; सीटचा दांडा चांगला हातभर बाहेर आला तेव्हा कुठे साहेबांचे गुडघे सरळ झाले. तिथं बोल्ट आवळला. त्यानंतर तो दांडा कोणी हलवला नाही. दर शनिवारी रूळ काढलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेनं, नदीच्या कडेकडेनं आम्ही रेड विंगपर्यंत जायचो. तिथं तो अ‍ॅपल पाय खायचा, मी खिडकीला टेकून त्याच्याकडे बघायची, आणि आम्ही परत यायचो. वाटेत तो तोंडानंच ट्रॉम्बोन नावाच्या कर्ण्याचे सूर काढायचा. माणसांसमोर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटणं कठीण.

त्यात त्याचा काही दोष नव्हता. आमच्या मिनेसोटात माणसं ‘मला हवंय’ असं म्हणत नाहीत. ‘नको’ तर त्याहून म्हणत नाहीत. पाहुण्याला कॉफी विचारली की त्यानं म्हणायचं, ‘नाही नाही, माझ्यासाठी कशाला त्रास.’ पुन्हा विचारायचं. त्यानं म्हणायचं, ‘आत्ताच घरून पिऊन निघालो.’ तिसऱ्यांदा विचारलं की मग ‘केलेलीच असेल तर द्या घोटभर’ म्हणून दोन मग रिचवायचे. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा हावरा. तिसऱ्या खेपेलाही नाही म्हणणारा माजोरडा. आणि यजमान एकदाच विचारून गप्प बसला, तर पाहुणा तहानलेला घरी जातो आणि प्रार्थनेनंतर मंडळी जमतात त्या चर्चच्या तळघरात वर्षानुवर्षं त्या कॉफीची आठवण निघते. मला विचाराल तर हे सगळं वाटेत ब्रेक दाबून पायडल मारण्यासारखं आहे. पण मला कोण विचारतो!

हार्लननं आर्डिसला लग्नाचं विचारलं तेही असंच, असं मी ऐकलंय. ‘माझ्या घरातलं एक कपाट रिकामंच पडून असतं,’ तो म्हणाला. ‘रिकाम्या कपाटाला कुबट वास लागतो म्हणे,’ ती म्हणाली. जूनमध्ये लग्न झालं.

एका फेब्रुवारीत हार्लन दारातला बर्फ काढता काढता खाली बसला, तो उठलाच नाही. मी गॅरेजमध्ये भिंतीला टेकून होते. हवा आधी मागच्या चाकातली गेली, मग पुढच्या. माझ्या शेजारी मोठा फ्रीझर होता. आर्डिस रोज त्यातून काहीतरी काढायला यायची. पुष्कळदा काही न काढताच जायची. बाई चणीनं लहान. माझी सीट तिच्या छातीला लागायची. त्या सीटवर ती कोपर टेकायची, जसं कुणाच्या खांद्यावर टेकावं तसं, आणि थोडा वेळ उभी राहायची. एकदा म्हणाली, “एवढा उंच होतास रे.” दुसरं काही नाही. रडणंबिडणं तिच्या स्वभावात नव्हतं. डोळ्यांत आलेलं पाणी ती फ्रीझरच्या थंडीवर ढकलायची.

अशी तीन वर्षं गेली. मग शेजारची मार्लिस आली.

“अगं आर्डिस, किती दिवस त्याच्या वस्तू पुसत बसणार आहेस? शनिवारी सगळ्या गावाचा गॅरेज सेल आहे, जो तो घरातलं जुनं दारात मांडून विकणार. काढ बाहेर सगळं. टेबलं मी आणते.”

“बघू,” आर्डिस म्हणाली.

आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे स्वच्छ नकार. हे मार्लिसला ठाऊक होतं. म्हणून तर ती शनिवारी सकाळी टेबलं घेऊन हजर झाली.

आर्डिसनं बूट काढले, कोट काढले, पुस्तकं काढली. मला मात्र, मार्लिसनं विचारू नये म्हणून बाहेर काढलं खरं, पण अंगणाच्या टोकाला, दोरीवर टाकलेल्या जुन्या पडद्यामागे उभं केलं आणि किमतीची चिठ्ठी लावलीच नाही. डोकं बघा बाईचं. बिनकिमतीची वस्तू म्हणजे किंमत विचारावी लागणार, आणि विचारणं म्हणजे आगाऊपणा. मी कुणाच्या हाती लागणार नव्हते.

पण कर्ट नोवोत्नी आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, आखूड पायांचा माणूस. हिवाळ्यात काउंटीचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो आणि रस्त्यांवर मीठ टाकतो. त्या मिठानं माझी किती भावंडं गंजून गेली याचा हिशेब देवाकडे असेल. त्याला बायकोनं लोणच्याच्या बरण्या आणायला पाठवलं होतं. बरण्या पडद्यामागे असतील म्हणून त्यानं पडदा सारला, तर मागे मी, आणि माझ्या शेजारी डोळे विस्फारून आर्डिस.

आता दुसऱ्याच्या अंगणात उभं राहून काहीच न बोलणं बरं दिसत नाही. तो म्हणाला, “छान सायकल आहे हो.”

“आमच्या ह्यांची होती.”

“अरेरे. जपून ठेवलीय.”

बाईला सीटवर टेकलेला हात काढायचं सुचलं नाही, आणि काहीतरी तर बोलायला हवं. “तुम्हाला आवडली असेल तर न्या की,” ती म्हणाली. ही पहिली खेप. ही नुसती रीत.

“छे छे, तुमची आठवण आहे. राहू द्या,” कर्ट म्हणाला. त्याला मी नकोच होते. त्याला बरण्या हव्या होत्या.

आर्डिसनं इथं थांबायचं ना! पण एकदाच म्हणून थांबावं, तर मनापासून म्हटलं नव्हतं असा अर्थ होतो. मन घट्ट करून ती म्हणाली, “पडूनच असते हो. न्या.”

“मी कुठला सायकल चालवणारा! तुम्ही उगाच…”

मी ओरडत होते, आता गप्प बसा दोघंही. पण आमच्या जातीला घंटीशिवाय आवाज नाही आणि मला तर घंटीही नाही.

“खरंच न्या. त्यांनाही आवडलं असतं,” आर्डिस म्हणाली.

झाली तिसरी खेप. आता नाही म्हणणं म्हणजे अपमान, तोही नवरा गेलेल्या बाईचा. “आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर,” म्हणून कर्टनं पाकीट काढलं. मग उलटीच घासाघीस सुरू झाली. ती किंमत उतरवतेय, तो चढवतोय. ती म्हणते एवढे कशाला, तो म्हणतो एवढ्या कमीत नेणं बरं दिसत नाही. शेवटी ती घरात गेली आणि रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचं काचेचं भांडं घेऊन आली, की एवढे पैसे देताच आहात तर निदान हे तरी न्या. भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर ‘लिंडक्विस्ट’ लिहिलेलं होतं.

मला पिकअपच्या मागे आडवं घातलं. कर्टनं इंजिन सुरू केलं, आणि आमच्याकडे इंजिन सुरू झालं की निरोपाला सुरुवात होते. खिडकीतून पावसाचं बोलून झालं, मक्याचं झालं, हरणं ट्यूलिप कशी खातात ते झालं. एवढ्या वेळात दोघांपैकी एकानं एक खरं वाक्य बोललं असतं तर मी उतरून पुन्हा फ्रीझरशेजारी गेले असते. दोघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. गाडी वळेपर्यंत आर्डिस हात हलवत होती. मी आडवी पडून बघत होते. हात सीटच्या उंचीला, हवेतच.

“बरण्या कुठायत?” कर्टच्या बायकोनं, रनेनं, विचारलं.

“सायकल आणली.”

“मी बरण्या सांगितल्या आणि तू सायकल आणलीस. उद्या तुला दूध आणायला पाठवते, घोडा आण.”

रने न्यू जर्सीची. लग्न होऊन इथं आली त्याला वीस वर्षं झाली, तरी गाव तिला अजून ‘ती बाहेरची’ म्हणतं, कारण तिला हो म्हणायचं असलं की ती हो म्हणते.

त्याच संध्याकाळी कर्टनं माझ्या चाकांत हवा भरली आणि वर चढून बघितलं. सीटवर बसला तर पाय पायडलला पुरेनात. मी डावीकडे कलले, तो शेजाऱ्यांच्या फुलझाडांत गेला. उठला, अंगावरची माती झटकली आणि सीटवर न बसता, नुसता उभ्यानं पायडल मारत रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. सगळा हिवाळा गरम ट्रकमध्ये बसून काढणारा माणूस तो. आपल्याच पायांच्या जोरावर कानांत वारा भरतो, हे त्याला शाळेनंतर पहिल्यांदाच कळलं होतं.

“सीट खाली घेतली की झालं,” तो म्हणाला.

सीट खाली येईना. माझं अंग पोलादाचं, सीटचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा. एवढी वर्षं हार्लनचा घाम पिऊन दोघं एकमेकांना असे चिकटले होते की कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं तेच कळू नये. कर्टनं तेल सोडून बघितलं. अमोनिया ओतला, सगळं गॅरेज शिंकायला लागलं. उकळतं पाणी झालं, बर्फ झाला. नळाचा मोठा पाना घालून लोंबकळून झालं. मग त्यानं कॉम्प्युटरवर जाणत्यांना विचारलं. जाणते आधी त्याच्याशी भांडले, मग आपापसांत भांडले, आणि त्यातल्या एकानं मला भंगारात घालायचा सल्ला दिला. त्याचं टोपणनाव माझ्या लक्षात आहे.

दांडा हलेना म्हणून कर्टनं बाकीचं काम काढलं. तडकलेले टायर गेले, नवे आले. ब्रेकच्या तारा, चेन, गिअरच्या दातेरी चकत्या; सगळं खोलून जुन्या टॉवेलवर मांडलं. माझ्या चाकांतलं ग्रीस वाळून गुळाच्या चिक्कीसारखं झालं होतं. ते त्यानं काडीनं कोरून काढलं आणि एकेक छर्रा पुसला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे त्याला माहीत नव्हतं. सैल करतोय समजून तो अर्धा दिवस ते आवळत बसला होता, आणि घाम पुसत मला म्हणत होता, “बये, सोड की आता!” मी काय सोडणार? शेवटी रनेनं खिडकीतून बघून विचारलं, “उलटं फिरवून बघितलंस का?” तर तो म्हणे, मी तेच करणार होतो.

हँडलवर त्यानं नवी पट्टी गुंडाळली. मेण लावून रंग असा काढला की गवताचं प्रतिबिंब दिसावं. खरं सांगू, मला आवडलं. हार्लननं मला पळवलं, पण एवढं कोणी निरखलं नव्हतं. रने म्हणायची, “माझी कंबर धरली तेव्हा एकदा विचारलंस का, कुठला छर्रा दुखतोय म्हणून?”

इकडे ते काचेचं भांडं परत करायचं होतं. आमच्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. कर्टनं त्यात हरणाच्या मांसाचे सॉसेज घालून नेऊन दिलं. आता सॉसेज आले म्हटल्यावर आर्डिसनं गप्प कसं बसायचं? पुढच्याच आठवड्यात ती त्याच भांड्यात ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश घेऊन आली. रनेनं त्यात झुकिनीचा केक पाठवला. ती जर्दाळूच्या वड्या घेऊन आली. सबंध उन्हाळा ते भांडं असं ये-जा करत होतं. येताना दर वेळी आर्डिस म्हणायची, “दारातूनच जाते, आत नाही येत,” आणि गॅरेजच्या दारातून आत यायची.

कर्ट कॉफी आणायला घरात गेला की ती माझ्याजवळ यायची. सीटवर कोपर टेकायची. एकदा हळूच म्हणाली, “उंची तीच आहे अजून. निघत नाहीये ना? नको निघूस.”

एवढं सरळ वाक्य त्या गावात मी दुसरं ऐकलं नाही. आणि ते कुणाला सांगितलं, तर मला.

त्या रात्री जेवताना रने म्हणाली ते गॅरेजच्या उघड्या दारातून मला ऐकू आलं. “ती बाई भांडं परत करायला येत नाही कर्ट. सायकल बघायला येते. तिला ती परत हवीय.”

“हवी असती तर म्हणाली असती.”

“तुमच्या गावात? तुमच्या गावात माणूस बुडत असला तरी ‘तुम्हाला सवड असेल तर’ म्हणतो.”

“तिनं तीन वेळा न्या म्हटलं. मी मोजलं ना.”

“मग मी विचारते उद्या.”

“रने, देवासाठी! असं तोंडावर विचारतात का कुणाला? ती काय म्हणेल!”

“काय म्हणेल तेच तर ऐकायचंय.”

कर्ट बराच विचार करून ज्या निष्कर्षाला आला तो निष्कर्ष फक्त आमच्याकडचाच माणूस काढू शकतो. आर्डिसबाई येतात, बघतात, आणि सायकल अजून तशीच उभी असते. त्यांना वाटत असेल, नवऱ्याची एवढी लाडकी वस्तू दिली आणि ह्यानं ती तशीच टाकून ठेवली. त्यांना वाईट वाटतंय. तेव्हा आता काहीही करून दांडा काढायचा, सायकल चालती करायची आणि त्यांच्या दारावरून चालवत न्यायची. बिचाऱ्याचं मन चांगलं होतं. चांगल्या मनानं जेवढं नुकसान होतं तेवढं मिठानंही होत नाही.

शनिवारी सकाळी त्यानं करवत काढली. दांडा वरून कापायचा, मग नळीच्या आत पातं घालून उरलेला तुकडा चिरून काढायचा. हार्लनची उंची जाणार होती, आणि ती एकदा गेली की जगातल्या कुठल्याही पान्यानं परत यायची नव्हती. आणि नेमकी तेवढ्यात आर्डिस भांडं घेऊन दारात उभी राहिली.

“या या! बरं झालं आलात,” कर्ट म्हणाला. “काळजी सोडा. आज दांडा कापूनच टाकतो.”

आर्डिसनं करवतीकडे पाहिलं. भांडं कर्टच्या गॅरेजमधल्या फ्रीझरवर ठेवलं. “अच्छा,” ती म्हणाली. “छान.”

“जरा फ्रेम धराल का? हलतेय.”

आणि तिनं धरली हो! दोन्ही हातांनी, पाय रोवून. करवत दांड्याला लागली. किर्र आवाज झाला. चंदेरी भुसा तिच्या मनगटावर पडत होता. मी तिचे हात ओळखते. एवढं घट्ट त्यांनी मला कधी धरलं नव्हतं. ती करवतीकडे बघत नव्हती, सीटकडे बघत होती. म्हणाली, “आज हवा बरी आहे, नाही?”

“थांब कर्ट!” रने स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आली होती. “थांब म्हणते ना! आर्डिस, सायकल तुम्हाला परत हवीय का? हो की नाही?”

कर्टचे कान लाल झाले. सगळा जन्म ज्या गोष्टीचा सराव केला ती आर्डिसच्या ओठांवर आलेलीच होती, नाही नाही, माझं काय. मला दिसत होती.

“हो,” ती म्हणाली.

आणि एकदा बांध फुटल्यावर काय! “हो, हवीय. मला विकायचीच नव्हती. तुम्ही पहिल्यांदा नको म्हणालात तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तो एवढा उंच होता, आणि एवढं एकच राहिलंय त्याच्या उंचीचं. कोटांना उंची नसते. कोट खाली लोंबतात.” ती माझ्या हँडलवर डोकं ठेवून रडायला लागली. फ्रीझरवर ढकलायची सोयही राहिली नाही, कारण हा फ्रीझर दुसऱ्याचा होता.

कर्ट करवत हातात धरून उभा. तसाच म्हणाला, “मलाही नको होती. मी बरण्यांना आलो होतो.” आणि मग, माणूस खरं बोलायला लागला की थांबत नाही तसा, पुढे म्हणाला, “पण आता हवीय. आता फार हवीय हो.”

घ्या! इतके दिवस कुणालाच काही नको होतं, म्हणून सगळा घोळ झाला. आता दोघांनाही हवं ते कळलं, आणि वस्तू एकच. पण कर्टनं करवत खुंटीला लावली, मला उचललं आणि पिकअपमध्ये ठेवलं, या वेळी उभं, दोऱ्या बांधून. पैशांचं कोणी काढलं नाही. आणि खिडकीतून हवापाण्याचंही कोणी बोललं नाही.

मी परत आर्डिसच्या गॅरेजमध्ये आले. काय माझा थाट! नवे टायर, नवी चेन, लोण्यासारखी फिरणारी चाकं, आणि जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत करवत गेलेला दांडा, म्हणजे आता हार्लन स्वतः आला असता तरी माझ्यावर बसू शकला नसता. जन्मात झाली नव्हती अशी दुरुस्ती माझी झाली, ती फ्रीझरला शेजार द्यायला. आर्डिस सुखात होती. कोपर टेकायची, बोलायची. मी तिच्यावर प्रेम करते, ते नाकारत नाही. पण दुपारी गल्लीतून एखादी पोरगी सायकलवरून गेली की माझं मागचं चाक आपोआप जरासं सरकायचं. उतार होता म्हणा.

कर्ट शनिवारी यायचा. उभ्या टायरांतली हवा जाते, मग रबर तडकतं, असं कारण काढून. हवा भरायचा, चेनवर तेलाचे दोन थेंब सोडायचा, चाक हातानं गरकन फिरवायचा आणि ते थांबेपर्यंत बघत बसायचा. फार वेळ फिरायचं ते. आर्डिस दारातून त्याच्याकडे बघायची.

एका सकाळी ती एकटीच आली. फ्रीझर उघडला नाही. कर्टसारखंच माझं पुढचं चाक उचलून फिरवलं. फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. तिचा हात सीटवर होता आणि फिरण्याची बारीक थरथर सगळ्या अंगातून तिच्या हातात जात होती. कितीतरी वर्षांनी तिच्या हाताखाली ती सीट जिवंत होती.

“तुला जायचंय का गं?” तिनं विचारलं.

मला! चाळीस वर्षांत मला कोणीतरी विचारलं. आणि मी बोलू शकत नव्हते. चाक फिरत होतं, तेवढंच. ती ते थांबेपर्यंत उभी राहिली. थांबल्यावर तिनं सीटवर गाल टेकवला, तसाच ठेवला आणि म्हणाली, “हार्लन, मी हिला सोडते रे.” मग नाक पुसून घरात गेली.

शनिवारी कर्ट पंप घेऊन आला, तर बाई दारात हार्लनची करवत घेऊन उभी.

“काप,” ती म्हणाली.

“नाही नाही, आर्डिसबाई, तुमची ती…”

“कर्ट, मी एकदाच सांगतेय. सायकल माझी आहे आणि माझीच राहील. चालव तू.”

कर्टनं पंप खाली ठेवला. “हो,” म्हणाला. त्याच्या घराण्यात पहिल्या खेपेला हो म्हणणारा तो पहिलाच असेल.

फ्रेम तिनंच धरली. या वेळी करवतीकडे बघत धरली. दुखलं मला, खोटं कशाला बोलू? सीटसकट दांडा निघाला तेव्हा तिनं तो घेतला, दोन्ही हातांनी कवटाळून धरला. आतला तुकडा चिरून काढायला दुपार झाली. नवा दांडा बसला, नवी सीट बसली, टीचभर खाली. कर्ट बसला. दोन्ही पाय पायडलला टेकले.

उतारावरून रस्त्यावर आलो आणि वाऱ्यानं मला ओळखलं. कर्ट हसत होता, मोठ्यानं, वेड्यासारखा. आम्ही कोपऱ्याशी पोचतोय तोच मागून आवाज आला. अंगणाच्या टोकाला आर्डिस उभी होती, छातीशी ती जुनी सीट, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडत होती. मार्लिस खिडकीत आली. कुत्री भुंकायला लागली. त्या बाईचा आवाज एवढा मोठा आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

“माझी सायकल आहे ती! ऐकलंस का? माझी आहे! अंधार पडायच्या आत घरी आण तिला!”

तेव्हा माफ करा, मला थांबता येणार नाही. रेड विंग गाठायचंय, आणि ऊन उतरायच्या आत परतायचंय. घरी कुणीतरी वाट बघतंय, आणि तसं तिनं सांगितलंय. येते मी.